विसणाचं पाणी

मला किळस फार. अजूनही कुणाच्या घरी पाण्याचा पेला पुढे आला की मी आधी तो उजेडाकडे धरते, कडेला ओठांचा डाग दिसतो का ते बघते, आणि बहुतेक वेळा तहानच मरते. नातेवाईकांना हा माझा तोरा वाटतो. वाटो. घाटकोपरच्या त्या चाळीत ज्याने वीस वर्षं काढली आणि ज्याला तरीही कशाची किळस आली नाही, अशा माणसाचा मला जास्त संशय येतो.

चाळ पूर्वेला होती, रेल्वे आणि हायवेच्या मधे. वारा गोवंडीकडून आला की देवनारच्या कचऱ्याचा धूर घरात शिरायचा आणि दोरीवरचे कपडे वाळता वाळताच वास मारायचे. माहुलच्या रिफायनऱ्यांकडून आला की घशात रॉकेल गेल्यासारखं व्हायचं. वारा पडला की मग आमचा स्वतःचा वास होताच. मागच्या संडासांचा, गटाराचा, मोऱ्यांमध्ये धुतलेल्या मासळीचा. आई म्हणायची, नाकाला सवय होते. माझ्या नाकाला झाली नाही. खालच्या चौकात कुणी खाकरून थुंकलं तरी वर माझा घास तोंडात फिरायचा. चाळीत मला ‘सोवळी’ म्हणत. “ए सोवळे, सरक बाजूला, आमचा हात लागेल तुला,” असं नळावरच्या बायका म्हणायच्या आणि मुद्दाम माझ्या अंगावर ओला हात झटकायच्या.

तो नळ ही तर घाणीची कमाल होती. उन्हाळ्यात पाण्याला जोर नसायचा. नळ जमिनीपासून वर असला की त्यातून नुसती हवा यायची, सूंऽ करत. त्यावर चाळीने तोडगा काढला होता. नळाखाली कमरेइतका खड्डा खणायचा, पाइप कापून तोंड खाली न्यायचं, म्हणजे धार लागते. तो खड्डा खणणाऱ्यांमध्ये माझे बाबाही होते. गिरणी बंद पडल्यावर विक्रोळीच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागेपर्यंत मधे बरेच महिने ते घरीच होते, आणि चाळीतलं कुठलंही काम अंगावर घ्यायचे. खड्डा झाल्यावर त्यांना कोण कौतुक! त्या खड्ड्यात उतरून, उकिडवं बसून पाणी भरायचं. सांडलेलं पाणी तिथेच साचायचं, शेजारच्या गटारातलंही झिरपून त्यात यायचं. त्यावर शेवाळ, केसांची गुंतवळं आणि भांडी विसळल्यावर राहिलेली भाताची शितं तरंगायची. पाणी बंद झालं की नळाचं तोंड त्या घाणीत बुडालेलं असायचं. पाणी जाताना पाइप उलटा घोट घेतो, हे मी सायन्सला होते म्हणून मला कळत होतं. सकाळी पाणी आलं की पहिली बादली पिवळी, दुसरी जरा कमी पिवळी, आणि तिसरी चाळीच्या मते झकास.

माझ्या बारावीच्या वर्षी होळी झाली आणि चाळीत कावीळ शिरली. आधी तळमजल्यावरचा रिक्षावाला, मग त्याची बायको, मग समोरच्या रांगेतल्या दोन मुली, मग आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या काकूंचा नातू. पंधरा दिवसांत अशी परिस्थिती झाली की गॅलरीत कोण कसं आहे हे विचारायला लागायचं नाही, डोळ्यांत बघितलं की कळायचं. शिळ्या अंड्याच्या बलकासारखे ते डोळे. माणसं गॅलरीच्या कठड्यावरूनच ओकायची. खालून कोणीतरी शिव्या घालायचं, आणि थोड्या वेळाने तेही ओकायचं.

आणि यावर उपाय काय, तर उसाचा रस. कावीळ झाली की उसाचा रस प्यायचा, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. काकू रोज सकाळी किटली घेऊन कोपऱ्यावरच्या गुऱ्हाळात जायच्या. त्या गुऱ्हाळाच्या चरकावर माश्यांचा थर असायचा, ऊस धुवायचं पाणी बादलीत काळं झालेलं असायचं, आणि बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून फुटपाथवर टाकलेली असायची. त्या बर्फाचा रस नातवाला पाजून काकू मला सांगायच्या, “गरमी उतरते गं यानं.” मी एकदा न राहवून म्हटलं, “काकू, गरमी नाही, जंतू असतात. आणि तुमच्या हंड्यात बोटभर शेवाळ आहे, तो घासा आधी.” त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानंतर आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.

पण माझा जीव टांगणीला लागला होता तो ताईपायी. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. लग्न होऊन डोंबिवलीला गेली होती, आणि नुकतंच सातव्या महिन्यात तिचं ओटीभरण करून आईने तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणलं होतं. सासरी दोन खोल्यांचा ब्लॉक, घरात नळ, घरात संडास. तिथून ती आमच्याकडे आली होती, हातात डबा घेऊन मागच्या रांगेत उभी राहायला. पोट एवढं पुढे आलेलं, पावलं सुजलेली, आणि चेहऱ्यावर माहेरी आल्याचा आनंद. मला तिच्याकडे बघून राग यायचा आणि मग त्या रागाची लाज वाटायची.

कावीळ पसरल्याचं डोंबिवलीला कळलं आणि एका रविवारी तिची सासू आणि भावोजी आले. सासूबाई दारात चप्पल काढताना इकडे तिकडे बघत होत्या, तेव्हाच मला कळलं की त्यांच्यात आणि माझ्यात पुष्कळ साम्य आहे. त्यांनी सरळ विषयाला हात घातला. “विहीणबाई, राग मानू नका. पण हिला आम्ही परत नेतो. बाळंतपण तिकडेच करू. गरोदर बाईला कावीळ झाली तर फार वाईट असतं म्हणतात.”

आई परक्यांशी बोलताना जपून, पुस्तकातलं मराठी बोलायची. “पण रीत असते ना,” असं तिने सुरुवात केली, आणि मग तिचा आवाज चढला आणि मालवणी बाहेर आलं. “पयल्या बाळंतपणाक चेडू म्हायेराकच ऱ्हवता. आमच्यात तशी रीत आसा. उद्या लोक काय म्हणतले, आवशीक जड झाला?”

लेक आईलाच जड झाली असं लोक म्हणतील, याची तिला धास्ती. बाबा भिंतीकडे बघत बसले. भावोजी आपली नखं बघत होते.  ताईला जावंसं वाटत होतं की राहावंसं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही, कारण तिला कुणी विचारलंच नाही. मग मी मधे पडले. मला मधे पडायची खोड होती. मी म्हटलं, “ताईला प्यायला लागणारा थेंब न् थेंब मी स्वतः उकळून देईन. वीस मिनिटं. माझी परीक्षा झालीय, मला दुसरं काम नाही. जबाबदारी माझी.”

सासूबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. माझी नखं कापलेली होती, परकर-पोलका नव्हे तर इस्त्रीचा ड्रेस होता. त्यांना माझा भरवसा वाटला असावा. “बघ हं,” एवढंच त्या म्हणाल्या आणि ताईला ठेवून गेल्या.

मी कामाला लागले. मोठं पातेलं खास पाण्यासाठी वेगळं काढलं, राखेने घासलं, चिंचेने घासलं. स्टोव्हवर ठेवलं की समोर घड्याळ ठेवून बसायचे. पाणी खळखळायला लागलं की तिथून वीस मिनिटं. वर यायची ती पांढुरकी साय बघून मला मळमळायचं, पण मी ती चमच्याने काढून टाकायचे. फडकं रोज धुवायचे. ताईचा पेला वेगळा, तिचा तांब्या वेगळा. काकूंनी एकदा ताईचे डोहाळे म्हणून वाटीभर सोलकढी आणून दिली. त्या गेल्यावर मी ती ताईच्या हातातून काढून घेतली आणि मोरीत ओतली. “अगं, काय हे!” ताई म्हणाली. “कुठल्या पाण्यातली आहे माहीत आहे का?” मी म्हटलं. गॅलरीत उभी राहून मी बायकांना पाणी उकळण्यावर भाषणं द्यायचे. आता आठवलं तरी तोंड लपवावंसं वाटतं. हातात झारा, आवाज शाळामास्तरणीचा, आणि नाक वर.

पहिला आठवडा पाणी झाकून ठेवायचे आणि आपोआप निवू द्यायचे. पण एप्रिल सुरू झाला. आम्ही वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रे. सकाळी दहाला उकळलेलं पाणी दुपारी तीनलाही कोमट असायचं. ताईला तहान सोसायची नाही. घाम नुसता निथळायचा, ओठ सुकायचे, आणि ती दर पाच मिनिटांनी म्हणायची, “दे ना गं जरा. गार नाही का झालं?” गार पाणी माठात. आणि माठात उकळतं पाणी ओतलं तर माठ तडकतो.

मग मी जे केलं ते केलं. केलं म्हणण्यासारखंही काही नव्हतं. आमच्याकडे कढत पाणी उतरवलं की त्यात विसण घालायचं असतं. आंघोळीच्या बादलीत कढत पाणी ओतलं की वरून गार पाण्याचा तांब्या घालून ते बेताचं करायचं, तेच विसण. त्याशिवाय कढत पाण्याला हात लावायचा नाही. लहानपणी मी एकदा तसंच नुसतं कढत पाणी अंगावर घ्यायला गेले तर आईने हात धरला होता. “बिनइसणाचा पाणी मड्याक घालतत. जित्या माणसाक नाय.” ती गोष्ट डोक्यात नव्हे, हातात बसलेली होती. पातेलं उतरवलं की माझा उजवा हात आपोआप पिंपाकडे जायचा. पिंपातलं पाणी सकाळी नळावरून भरलेलं. दोन तांबे. पाणी बेताचं व्हायचं, मग माठात ओतायचं, आणि अर्ध्या तासात ताईला गार पाणी. आई समोर बसून तांदूळ निवडत असायची, तिनेही कितीदा बघितलं. ती काय बोलणार? तिने शिकवलं होतं तसंच मी करत होते.

वीस मिनिटं घड्याळ लावून उकळायचं आणि मग वरून तेच कच्चं पाणी. असं महिनाभर. बारावी सायन्स. जिवाणूंवर दहा मार्कांचं उत्तर मी पाठ केलेलं होतं, आकृतीसकट.

मे महिन्याच्या मध्यावर ताईला जेवण जाईना. आठवा संपत आला होता, त्यामुळे आम्हाला वाटलं, पोटात जागा नाही म्हणून. त्याच दिवसांत एका संध्याकाळी चौकात कुल्फीवाला आला. ताई म्हणाली, “मला फक्त कुल्फीच खावीशी वाटतेय.” मी “नको” म्हटलं. “हात बघ त्याचे,” म्हटलं. तिने ऐकलं नाही, खालच्या एका मुलाला हाक मारून मागवली आणि कठड्याशी उभं राहून लहान मुलीसारखी चाटून खाल्ली. हनुवटीवर ओघळ आला तो पुसला नाही. मी तोंड फिरवून आत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठून बसली, आणि उजेडात तिचे डोळे मला दिसले.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने आधी काय करावं, तर काकूंना विचारून कावीळ उतरवणारा माणूस घरी आणला. धोतरावर तंबाखूचे डाग, नखांत काळी घाण. त्याने परातीत चुन्याचं पाणी केलं आणि ताईला त्यात हात चोळायला लावले. पाणी पिवळं झालं. “बघा, किती निघाली,” तो म्हणाला. आईने हात जोडले. त्याने ती परात मोरीत उपडी केली, आमच्याच तांब्याने हात धुतले, आणि त्याच तांब्यातलं पाणी वर तोंड करून गटागटा प्यायला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. अडाणी, लबाड, गलिच्छ, हे त्यातले सौम्य शब्द. त्याने शांतपणे ताईच्या गळ्यात कसल्याशा मुळ्यांची माळ बांधली आणि गेला. दुपारी बाबा कामावरून लवकर आले, ताईकडे एकदा बघितलं, आणि टॅक्सी आणली.

हॉस्पिटलच्या वॉर्डात एकेका खाटेवर दोन दोन बायका होत्या. त्यातल्या एकीची उलटी माझ्या चपलेवर उडाली आणि मी पाय धुवायला नळ शोधत फिरले. ताई तिथे शुद्ध-बेशुद्धीच्या मधे पडली होती आणि मला चपलेची पडली होती, हे मी लपवत नाही. परत आले तेव्हा डॉक्टरीणबाई आईशी बोलत होत्या. आईने हात जोडून कुल्फीचं विचारलं. मी बाजूलाच उभी होते. बाई म्हणाल्या, “परवाच्या कुल्फीनं नाही हो होत. हा रोग पोटात गेल्यावर दिसायला महिना, कधी जास्तही लागतो. एप्रिलमध्ये कधीतरी पाण्यातून गेलंय.” आईला ते कळलं की नाही कोण जाणे. ती नुसती मान हलवत होती. तिचे डोळे खाटेवर होते.

मला कळलं. आणि घरी येताना बसमध्ये मी गुन्हेगार शोधत होते. सोलकढी? ती तर मोरीत गेली. कुणाच्या घरचं हळदीकुंकू? ताई गेलीच नव्हती. दात घासायचं पाणी? असेल. आईने लपून कुणाचं काही दिलं? असेल. काकूंच्या हंड्यापासून नळाच्या खड्ड्यापर्यंत सगळ्यांना मी मनात उभं केलं आणि प्रत्येकाला शिव्या घातल्या. खड्डा खणला म्हणून बाबांनाही.

दुसऱ्या दिवशी आई हॉस्पिटलमध्ये होती आणि मी घरात एकटी. घरोघरी फिरून आजारी माणसांची नोंद करणाऱ्या एक बाई आल्या. पांढरी साडी, खांद्याला झोळी, झोळीत क्लोरीनच्या गोळ्या. दारात उभं राहूनच त्यांनी विचारलं, “पाणी उकळता?”

“हो. वीस मिनिटं.”

“शाब्बास. आणि गार कसं करता?”

मी त्यांच्या झोळीतल्या गोळ्यांकडे बघत राहिले.

“नाही, विचारते एवढ्यासाठी,” त्या वहीत लिहिता लिहिता म्हणाल्या, “की परवा पलीकडच्या चाळीत एका घरी बघितलं. बाई चांगलं उकळते आणि वरून नळाचं पाणी घालते. विसण म्हणे! एक तांब्या कच्चं पडलं की सगळं पातेलं कच्चंच की. तुम्ही तसं नाही ना करत?”

“छे,” मी म्हटलं. “तसंच झाकून ठेवते.”

त्यांनी वहीत खूण केली आणि गोळ्यांची पुडी माझ्या हातावर ठेवली. त्या पुढच्या दाराकडे गेल्या. मी आत आले. ओट्यावर पातेलं होतं, शेजारी पिंप, पिंपावर तांब्या उपडा घातलेला. मी मोरीत जाऊन ओकले.  चाळीत इतकी वर्षं मला लोकांची किळस आली, त्यांच्या थुंकीची, त्यांच्या हंड्यांची, त्या माणसाच्या नखांची. त्या सगळ्यांनी मिळून ताईला काही केलं नव्हतं. केलं ते माझ्या स्वच्छ, नखं कापलेल्या हाताने.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगून आता औषधात काय फरक पडणार आहे, असं मी स्वतःला समजावलं. ते खरंच होतं. म्हणूनच ते बोलायला इतकं सोयीचं होतं.

चौथ्या दिवशी ताईला कळा आल्या. मुलगा होता. पूर्ण होता, डोक्यावर भरपूर केस होते, आणि मेलेला होता. मी त्याला बघितलं. आईने बघू दिलं नसतं, पण आयाबाईने फडकं बाजूला केलं आणि मी तिथेच होते. त्याची कातडी हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी होती. एवढी किळस असलेली मी, पण त्याची मला किळस आली नाही. त्याला घ्यावंसं वाटलं. कुणी दिलं नाही. बाबा आणि भावोजी त्याला घेऊन गेले.

ताई वाचली. त्या वॉर्डातल्या दोन बायका वाचल्या नाहीत, ताई वाचली. तीन आठवड्यांनी घरी आली तेव्हा तिच्या अंगावर नुसती हाडं होती आणि छातीला दूध येत होतं. दूध आटावं म्हणून आई तिला पट्टा बांधायची. दुधाने भिजलेली ती फडकी मी धुवायचे. मीच मागून घेतलं होतं ते काम.

मग तिला न्यायला सासूबाई आल्या. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. ताईच्या शेजारी बसल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “पाण्याचं काय केलं होतं मग?”

मी चहाचे कप घेऊन उभी होते. 

“असं म्हणू नका विहीणबाई,” आई म्हणाली. “हिनं थेंब न् थेंब उकळला. घड्याळ लावून. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.”

“हो आई,” ताई सासूबाईंना म्हणाली. आवाज कसाबसा निघत होता. “तिनं फार केलं माझं. तिला बोलू नका. मीच...” आणि ती थांबली. “मीच एकदा कुल्फी खाल्ली.”

खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मला तो ऐकू आला. बाबांचा, आईचा, सासूबाईंचा. इतके दिवस जे सापडत नव्हतं ते सापडलं होतं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं आईच्या कानावरून गेलं होतं, आणि दुसरं कुणी तिथे नव्हतं. मी सोडून.

“कुल्फी,” सासूबाई म्हणाल्या. “रस्त्यावरची?” त्यांनी ताईच्या पाठीवरचा हात काढून घेतला. रागाने नाही, हळूच काढला. पण काढला. “एवढा एक महिना जीभ आवरली नाही का गं तुला?”

ताई रडली नाही. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. डोळे अजून पिवळसर होते. “तू मला नको म्हणाली होतीस ना गं?” तिने विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “म्हणाले होते.”

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी कप खाली ठेवले आणि सगळ्यांना चहा दिला.

ताईला पुढे दोन मुली झाल्या. त्या दोघींनाही तिने कधी रस्त्यावरचं खाऊ दिलं नाही. त्यांची बाळंतपणं आली तेव्हा तिने त्यांना समोर बसवून आपली गोष्ट सांगितली. एका कुल्फीपायी मी माझा मुलगा घालवला, अशी. मी दोन्ही वेळा तिथे होते. दुसऱ्या वेळी ती माझ्याकडे वळून म्हणाली, “मावशी सांगत होती, मी ऐकलं नाही.” आई गेली तीही हेच खरं मानून गेली. सासूबाईही गेल्या, आणि जाईपर्यंत त्यांनी ताईला कधीमधी त्यावरून ऐकवलंच.

मला विचारलं, की आता तरी का सांगत नाहीस, तर चाळीस वर्षं जुनं दुःख तिच्यापाशी आता मुरलं आहे, ते कशाला ढवळा, असं मी म्हणते. पण तेही सोयीचंच आहे. ताईच्या डोळ्यांत गेली काही वर्षं काचबिंदू आहे. तिला आता छापील अक्षर दिसत नाही, आणि भावोजी गेल्यापासून तिच्या घरात दुसरं कुणी मराठी वाचत नाही, मुली इंग्रजी शाळेत शिकलेल्या. हे मी नीट विचारून घेतलं आणि मगच हे लिहायला बसले.